उरलेली तीन मिनिटं

तुमच्या ऑफिसात असा एक तरी माणूस असतोच. कानात इअरबड्स, चेहऱ्यावर देवळातल्यासारखी शांतता, डोकं एक्सेल शीटमध्ये. तुम्हाला वाटतं, हा बहुतेक जुन्या गझला ऐकत असणार. मग एक दिवस त्याचं ब्लूटूथ डिस्कनेक्ट होतं आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून असा काही आवाज फुटतो की अ‍ॅडमिनवाला जनरेटर बघायला धावतो!

तर मंडळी, हा माणूस आमच्या जमातीतला. हेवी मेटलवाला. आमच्याबद्दल लोकांचे दोन समज असतात. एक, आम्ही भयंकर रागीट असतो. दोन, आम्हाला चांगलं संगीत कधी कोणी ऐकवलंच नाही. दोन्ही चूक. आमच्यातले बहुतेक जण ईएमआय वेळेवर भरतात, आईला घाबरतात आणि शनिवारी रात्री पार्टीला जायचं सोडून एकाच अल्बमवर चार-चार तास भांडतात.

आमचा अड्डा कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. महिन्यातून एक शनिवार. घर दादाचं. दादा पंचेचाळिशी ओलांडलेला, कॅसेटच्या जमान्यातला. टर्नटेबल त्याचं, स्पीकर त्याचे आणि बऱ्याचदा शेवटचं मतही त्याचंच. बाकी आम्ही चौघं. एक सॉफ्टवेअर टेस्टर, ज्याला गाण्यातसुद्धा बग सापडतात. एक आर्किटेक्ट, जी कुठल्याही गाण्याला 'स्ट्रक्चर बघ ना' म्हणते. एक सीए. आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे कधीही बोलावलं तरी हिला वेळ असणारच असं सगळ्यांना वाटतं. (दुर्दैवाने ते खरं आहे.)

नियम तीनच. फोन काकूंच्या पोळ्यांच्या डब्यात जमा करायचे. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं गाणं उडवायचं नाही. आणि गाणं चालू असताना तोंड बंद. बोलायचं ते रेकॉर्डची बाजू बदलताना, चहाबरोबर.

या महिन्याचा अल्बम होता ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड'. सप्टेंबर १९७०. आठ गाणी, साधारण बेचाळीस मिनिटं. मेटलचं बालवाडीचं पुस्तकच म्हणा ना. 'रोलिंग स्टोन'ने २०१७ मध्ये मेटलच्या सर्वोत्तम शंभर अल्बमची यादी काढली, तेव्हा पहिल्या नंबरवर हाच होता. गंमत म्हणजे १९७० मध्ये याच मासिकाने या बॅंडच्या पहिल्या अल्बमची पार चिरफाड केली होती. आपल्या अप्रेझलचंही असंच असतं, नाही का? कौतुक मिळतं, पण मॅनेजर बदलल्यावर.

या वेळी आणखी एक गोष्ट ठरली होती. नुसतं ऐकायचं नाही, तर बॅंडवाल्यांच्या आठवणीही सोबत वाचायच्या. गायक ऑझी ऑझबॉर्नचं आत्मचरित्र २००९ मध्ये आलं, गिटारिस्ट टोनी आयोमीचं २०११ मध्ये आणि बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरचं २०२३ मध्ये. दादाने टोनी घेतला, आर्किटेक्टने ऑझी, टेस्टरने गीझर. मी रेफरी. ड्रमर बिल वॉर्डची बाजू मांडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते काम आम्ही सीएला दिलं. तो चार महिन्यांनी अड्ड्यावर येत होता, तेव्हा म्हटलं, याला सोपं काम देऊ.

चार महिने तो का आला नव्हता? क्वार्टर एंड. मग ऑडिट. मग परत काहीतरी. ग्रुपवर मेसेज टाकला की उत्तर यायचं, 'थोडं बिझी आहे यार, पुढच्या वेळी नक्की.' आम्ही अंगठा दाखवायचो आणि पुढे जायचो. सीए माणूस बिझी असतो, त्यात काय विशेष!

असो. सुई रेकॉर्डवर टेकली.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, त्यातलं ॲस्टन. कारखान्यांचा भाग. युद्धात बॉम्ब पडलेल्या जागा हे चौघं लहान असताना अजून तशाच पडलेल्या. चौघंही १९४८-४९ मध्ये जन्मलेले आणि चौघंही कामगारवस्तीतले. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं. त्याआधी मोटारीचे हॉर्न ट्यून करण्याचं. दिवसभर हॉर्न! त्याच्या आत्मचरित्रात एक सहकारी भेटतो. वर्षानुवर्षं त्याच कारखान्यात घालवलेली आणि आता रिटायर होताना सोन्याचं घड्याळ मिळणार म्हणून खूश असलेला. ऑझीने हिशोब केला आणि नोकरी सोडली. मग घरफोडी केली, पकडला गेला, दंड भरायला वडिलांनी नकार दिला आणि तो काही आठवडे विन्सन ग्रीनच्या तुरुंगात जाऊन आला. करिअर चेंज प्रत्येकाला जमतोच असं नाही.

गीझर मात्र आपल्यातला. तो चक्क अकाउंट्समध्ये ट्रेनी होता. दिवसा हिशोबाच्या वह्या, रात्री बॅंड. हे वाचलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी सीएकडे बघून टाळ्या वाजवल्या. तो हसला. जरा उशिरा हसला, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि टोनी. टोनीची गोष्ट मी नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक मित्राला सांगते. वय सतरा. पत्र्याच्या कारखान्यात काम. एका बॅंडबरोबर युरोपात जायचं ठरलेलं, म्हणून नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. (आई ॲस्टनची असो नाहीतर अलिबागची, डायलॉग तोच!) मशीनवरचा नेहमीचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली.

टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका उजव्या हाताने. डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. मग कारखान्याचा मॅनेजर घरी आला, हातात एक रेकॉर्ड घेऊन. टोनीला ऐकायची इच्छाच नव्हती. त्याने आग्रहाने ऐकवली आणि मग सांगितलं, हा वाजवणारा जॅंगो राइनहार्ट. कॅरॅव्हॅनच्या आगीत याचा हात भाजला, दोन बोटं निकामी झाली, तरी हा असा वाजवतो. टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या टोपणासारखे गोळे केले, घासून घासून मापात आणले आणि जुन्या जॅकेटचं चामडं कापून त्यावर चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बॅंजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ पासून काही गाण्यांत गिटार खालच्या सुरात लावली. तारा सैल होतात, बोटांना त्रास कमी होतो आणि आवाज आणखी जड होतो. जगभरचे मेटलवाले ज्या जाड, खोल आवाजामागे धावतात ना, त्याच्या मुळाशी एका पोराचं दुखणारं बोट आहे.

ही गोष्ट दादा दर वेळी सांगतो आणि आम्ही दर वेळी ऐकतो. काकूही ऐकतात. काकू शहात्तरच्या. त्यांना गाणं अजिबात आवडत नाही, पण गोष्ट आवडते. 'त्या मॅनेजरचं नाव काय रे?' त्यांनी विचारलं. दादाला सांगता येईना. काकू म्हणाल्या, 'बघा. ज्याने पोराला उभं केलं त्याचं नाव नाही, आणि त्या ओरडणाऱ्याचं सगळ्यांना पाठ!'

पहिली बाजू संपली. चहा आला. आणि भांडण सुरू झालं.

भांडणाचा विषय दुसरं गाणं. म्हणजे अल्बमचं शीर्षकगीत, 'पॅरानॉइड'. बॅंडचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं. ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. आणि हे गाणं मुळात अल्बममध्ये नव्हतंच! रेकॉर्डिंग होत आलं होतं. प्रोड्यूसर रॉजर बेनने बघितलं तर रेकॉर्ड भरत नव्हती. म्हणाला, अजून काहीतरी छोटं द्या, तीन मिनिटांचं. थोडक्यात, जागा भरायला. आपण प्रेझेंटेशनच्या शेवटी एक स्लाइड कमी पडते म्हणून काहीतरी टाकतो ना, तसं.

इथपर्यंत सगळ्यांच्या आठवणी जुळतात. पुढे गडबड आहे. टोनी सांगतो, बाकीचे खायला बाहेर गेले होते, मी एकटाच बसलो होतो, तेव्हा सुचलं. बिल सांगतो, टोनीने वाजवायला घेतलं आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळं गाणं उभं राहिलं. गीझर सांगतो, मी घाईघाईत शब्द लिहिले आणि ऑझी कागदावर वाचत वाचत गायला.

'मग टोनी एकटा होता की नव्हता?' टेस्टर म्हणाला. 'रिक्वायरमेंट क्लिअर नाहीये.'

'अरे, सुचलं एकट्याला, बांधलं चौघांनी,' आर्किटेक्ट म्हणाली. 'बिल्डिंग अशीच होते.'

'आणि गीझरला तर ते गाणं नकोच होतं,' टेस्टरने पान उघडून दाखवलं. 'त्याला वाटलं, हे लेड झेपलिनच्या गाण्यासारखं वाटतंय, लोक नावं ठेवतील.'

दादा उखडला. झेपलिनचं नाव काढलं की दादा उखडतोच. मग अर्धा तास त्यात गेला.

दुसरं भांडण नावावरून. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' असणार होतं. म्हणूनच मुखपृष्ठावर हेल्मेट, ढाल-तलवार घेतलेला एक माणूस झाडामागून उडी मारताना दिसतो. त्याचा पॅरानॉइड या शब्दाशी काडीचा संबंध नाही. नाव बदललं, मुखपृष्ठ राहून गेलं. पण नाव बदललं कशामुळे? एक गोष्ट सांगतात की व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, युद्धखोर पुढाऱ्यांना डुकरं म्हणणारं नाव कंपनीला झेपलं नाही. ऑझी आत्मचरित्रात म्हणतो, युद्धाचा काही संबंध नाही. सिंगल हिट झालं होतं, त्याच नावाने अल्बम खपेल असं कंपनीला वाटलं, बस.

आर्किटेक्ट ऑझीच्या बाजूने, टेस्टर व्हिएतनामच्या बाजूने. मी रेफरी म्हणून म्हटलं, दोन्ही खरं असू शकतं. कंपनीत एकाच निर्णयाची कारणं वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळी असतात. हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की मी ते लगेच या कॉलमसाठी बाजूला ठेवलं.

मग बिल वॉर्डची पाळी. आम्ही सीएकडे वळलो. तो दिवाणाच्या टोकाला, दाराजवळ बसला होता. चहा तसाच. बिलबद्दल त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. 'रॅट सॅलड' हे दुसऱ्या बाजूचं बिनशब्दांचं गाणं, त्यात बिलचा ड्रम्सचा मोठा तुकडा आहे. आणि २०१३ मध्ये बाकीचे तिघं एकत्र येऊन नवा अल्बम करत होते, तेव्हा त्यात बिल नव्हता. २०१७ मध्ये बर्मिंगहॅमला निरोपाचा शो झाला, त्यातही नव्हता.

'का नव्हता?' टेस्टरने विचारलं.

'कॉन्ट्रॅक्टवरून वाद. मग तब्येतीवरून बोलणी. नंतर सगळे पेपरातून एकमेकांना उत्तरं द्यायला लागले.' सीए थांबला. 'फोन कोणी केला होता का, ते कुठे लिहिलेलं नाही.'

आम्ही हसलो. खरंच हसलो. वाटलं, चांगला टोला मारला.

मग त्याने टेस्टरच्या हातातलं गीझरचं पुस्तक घेतलं. 'तुम्ही लोक मिनिटं मोजताय,' तो म्हणाला. 'गाणं कशाबद्दल आहे ते कोणी बोलणारे का?'

तर तेही सांगते. पॅरानॉइड हा शब्द त्या गाण्यात एकदाही येत नाही. टोनी लिहितो की त्याला आणि ऑझीला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. दोघं एकाच साध्या शाळेतले, तिथे असले शब्द कोण वापरणार? शब्द गीझरचा. वाचणारा, लिहिणारा तोच. आणि गीझर नंतर सांगत आला आहे की गाणं खरं म्हणजे डिप्रेशनबद्दल आहे. त्या वयात त्याला डिप्रेशन आणि पॅरानोया यांतला फरकच कळत नव्हता. त्याला फक्त एवढं माहीत होतं की आपल्याला अधूनमधून काहीतरी होतं. सगळं ठीक असताना एक काळा पडदा खाली येतो आणि कोणाला काही सांगता येत नाही. घरी सांगायची सोय नव्हती. बॅंडमधल्या पोरांना सांगायची तर मुळीच नाही. ॲस्टनमध्ये त्या काळी या गोष्टीवर औषध एकच, जा, एक बिअर मार, चक्कर मारून ये. रीतसर निदान झालं ते १९९० चं दशक संपता संपता. म्हणजे गाणं लिहिल्यावर जवळपास तीस वर्षांनी.

तीस वर्षं! आणि तोवर ते गाणं जगभर वाजत होतं. लाखो लोक त्यावर माना हलवत होते. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर झालं, शोला किंचाळणाऱ्या पोरी यायला लागल्या, तेव्हा हे चौघं वैतागले आणि काही काळ सिंगल काढायचं टाळत राहिले. ज्याने ते लिहिलं होतं, तो मागे बेस घेऊन उभा होता. त्याने सगळ्यांना सांगून झालं होतं. गाणं इतकं फास्ट होतं की कोणी ऐकलंच नाही.

'मी हे गाणं अकरावीपासून ऐकतोय,' सीए म्हणाला. 'आर्टिकलशिपमध्ये रोज ट्रेनमध्ये ऐकायचो. मला वाटायचं, एनर्जीसाठी ऐकतो.' मग थोडं थांबून, पुस्तकाकडे बघतच म्हणाला, 'मार्चपासून सकाळी उठवत नाहीये मला. ऑडिट वगैरे काही नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यासाठी नाही. मी गाडी काढून सोसायटीच्या गेटपर्यंत यायचो आणि परत पार्किंगमध्ये जाऊन बसायचो. एकदा तीन तास बसलो होतो. त्या दिवशी तुमचा मेसेज आला होता, आयर्न मेडनवाला. मी लिहिलं, बिझी आहे.'

मला तो मेसेज आठवत होता. कारण तो मीच टाकला होता. आणि त्याच्या उत्तरावर अंगठा दाखवणारीही मीच होते. मी मास कम्युनिकेशन शिकलेली बाई. माणसाला बोलतं कसं करायचं, यावर आम्हाला अख्खा एक पेपर होता. चार महिने माझा मित्र मला दर वेळी त्याच चार शब्दांत उत्तर देत होता आणि मला त्यात काही बातमी दिसली नाही.

सिनेमात अशा वेळी कोणीतरी उठून मिठी मारतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. दादा 'च्यायला' म्हणाला. टेस्टरने विचारलं, 'आत्ता कसं वाटतंय?' आणि लगेच स्वतःच म्हणाला, 'सॉरी, मूर्ख प्रश्न.' सीए म्हणाला, 'नाही रे, कोणी विचारलाच नव्हता.' आर्किटेक्टने मात्र सरळ कामाचं विचारलं. 'डॉक्टरांकडे गेलास?' तो नाही म्हणाला. मग ती म्हणाली, 'मी जाते. दोन वर्षं झाली. सोमवारी तुझ्यासाठी अपॉइंटमेंट घेते, मी बाहेर थांबेन.' हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे चार तास गाण्याचं स्ट्रक्चर बघणाऱ्या पाच लोकांपैकी दोन जण हे घेऊन बसले होते आणि बाकीचे तिघं झेपलिनवर भांडत होते.

काकू आतून आल्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. सीएचा थंड चहा उचलला आणि म्हणाल्या, 'हा दे, गरम करून आणते. आणि आज जेवूनच जायचं. मुगाची खिचडी आहे.' तो 'नको काकू' म्हणाला. काकू म्हणाल्या, 'मी विचारलं नाहीये.'

मग दुसरी बाजू लावली. 'इलेक्ट्रिक फ्युनरल', मग 'हॅंड ऑफ डूम'. हे दुसरं गाणं व्हिएतनामहून परतलेल्या आणि नशेत अडकलेल्या अमेरिकन सैनिकांबद्दल आहे. बॅंड सुरुवातीला अमेरिकन तळांवर वाजवायचा, तिथे गीझरने ही पोरं पाहिली होती. नीट ऐकलं तर हा सगळाच अल्बम अशा लोकांचा आहे, ज्यांचं काहीतरी बिनसलंय आणि कोणाला सांगता येत नाहीये. 'आयर्न मॅन'सुद्धा तोच. जगाला वाचवायला आलेला, पण बोलताच येत नसल्यामुळे लोकांनी दुर्लक्ष केलेला. मी हा अल्बम किमान दोनशे वेळा ऐकला असेल. त्या शनिवारी पहिल्यांदा लक्षात आलं.

एक शेवटची गोष्ट, जी दादाने खिचडी खाताना काढली. ५ जुलै २०२५. त्या रात्री आम्ही सगळे याच खोलीत होतो, सीएसकट. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियममध्ये ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो. ऑझी लहानाचा मोठा झाला त्या घरापासून अगदी जवळ. पैसे भरून लाइव्ह स्ट्रीम घेतलं होतं, आपल्याकडे पहाट होत आली होती. ऑझीला पार्किन्सन्स, चालता येत नव्हतं, म्हणून तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. आणि मागे ड्रम्सवर बिल वॉर्ड. मूळ चौघं वीस वर्षांनी एकत्र. वाद, कॉन्ट्रॅक्ट, पेपरातली उत्तरं, सगळं बाजूला ठेवून. शोचा पैसा पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला आणि मुलांच्या हॉस्पिटलला, हॉस्पिसला. चार गाणी झाली. चौथं, म्हणजे या चौघांनी एकत्र वाजवलेलं अगदी शेवटचं गाणं, 'पॅरानॉइड'. जागा भरायला केलेलं.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला ऑझी गेला. काकूंनी तेव्हा विचारलं होतं, 'वय काय रे होतं?' दादा म्हणाला, 'शहात्तर.' काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'बरं झालं, आपल्या गावात, आपल्या माणसांत गाऊन गेला.'

'पण बिलला फोन कोणी केला असेल?' सीएने खिचडीवर तूप घेता घेता विचारलं.

टेस्टर म्हणाला, 'यात पण चौघांच्या चार आठवणी असतील.'

'असू दे ना,' आर्किटेक्ट म्हणाली. 'कोणीतरी केला, एवढं नक्की.'

सोमवारी ती दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. मी बाहेर तिसरी होते. उगाच मासिकं चाळत. त्यानंतरचं सगळं छान छान झालंय असं मी लिहिणार नाही. औषधं चालू आहेत, ऑफिसातून थोडी रजा मिळाली आहे, काही दिवस बरे जातात, काही नाही. जाताना तो म्हणाला, 'याच्यावर लिहायचं असेल तर लिही, फक्त माझं नाव नको. सीए म्हण. पुण्यात दगड मारला तरी सीएलाच लागतो.' तर हे त्याच्या परवानगीने.

आणि तुमच्यासाठी एवढंच. तुमच्याही ग्रुपवर कोणीतरी बरेच दिवस 'थोडं बिझी आहे यार' लिहीत असेल. अंगठा दाखवू नका, फोन करा. तुम्ही स्वतःच ते लिहीत असाल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलतात.

पुढच्या महिन्याचा अल्बम निवडायची पाळी सीएची आहे. त्याने झेपलिन निवडलंय. दादा अजून बोलत नाहीये त्याच्याशी.